टप्पा... ठक्! टेनिसच्या फटक्याला एका वेळी एकच शब्द

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठल्याही कोर्टावर सकाळी सहाला जा आणि पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐका. "गुडघे वाकव! खांदा फिरव! मनगट, अरे मनगट! चेंडू बघ! पाय हलव ना भो!" एका फोरहँडवर पाच हुकूम. साध्या रॅलीतला चेंडू पलीकडच्या बेसलाइनवरून आपल्याकडे यायला दीड-दोन सेकंद घेतो, आणि टप्पा पडल्यावर रॅकेटपर्यंत पोचायला जेमतेम अर्धा. दोऱ्यांवर तो टिकतो 4 ते 5 मिलिसेकंद. एवढ्या वेळात पोरगं त्या पाचांतला एकच हुकूम पाळू शकतं, आणि तो बहुतेक शेवटचा ऐकलेला असतो. मग कोच म्हणतो, सांगितलेलं डोक्यात राहत नाही.

डोक्यात राहतं, खरी अडचण तीच आहे. फटक्याच्या वेळी डोक्यात दोन-तीन अक्षरांपलीकडे काही मावत नाही. म्हणून फटका सुधारायचा तर त्या दोन-तीन अक्षरांत काय ठेवायचं, कधी म्हणायचं आणि कधी सोडून द्यायचं, हे ठरवावं लागतं. इंग्रजी बोलणारे कोच याला 'क्यू' म्हणतात. इथे 'खूण' म्हणू.

खूण कशी असावी

पहिली अट, ती नकारार्थी नसावी. औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. "नेटमध्ये नको" म्हटलं की डोळ्यांसमोर नेटच उभं राहतं. "डबल फॉल्ट नको" हे तर सर्व्हिस लाइनवर माकड बसवण्यासारखंच.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. खूण शरीराच्या अवयवाची नसावी. चेंडूची, रॅकेटची किंवा निशाणाची असावी. गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये स्कीइंगच्या यंत्रावर केलेला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. काही जणांना पायाने जोर लावण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं, काहींना पायाखालच्या चाकांवर जोर देण्याकडे. चाकं अगदी पायाखालीच होती, फरक काही सेंटिमीटरचा. तरी चाकांकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. कारण असं दिलं जातं की शरीराच्या हालचालीवर मुद्दाम नजर ठेवली की जी कामं आपोआप होत असतात त्यांत आपण हात घालतो. सायकल चालवताना 'आता उजवा पाय, आता डावा' असं मोजून पाहा, तोल कसा जातो ते कळेल.

तिसरी अट, जमलं तर खूण चित्रासारखी असावी. टेबल टेनिसचा टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा) फोरहँड शिकवताना लियाओ आणि मास्टर्स यांनी 2001 मध्ये नवशिक्यांना नियमांची यादी न देता एवढंच सांगून पाहिलं की बॅटने काटकोन त्रिकोण काढ. त्या एका चित्रात सुरुवात कुठे, चढ कुठून आणि शेवट कुठे हे सगळं आलं. शिवाय दुसरं काम डोक्यावर टाकलं तरी त्यांचा फटका टिकला. आपल्याकडे चित्रांची वानवा नाही. शेतात, ओट्यावर, चुलीपुढे ती पडलेली आहेत. पुढे ती येतीलच.

शरीराची खूण अगदीच टाकाऊ, असं मात्र म्हणू नका. चेंडू नसताना, आरशापुढे, ग्रिप आणि उभं राहणं शिकताना 'तर्जनीचं मूळ तिसऱ्या कडेवर' हे सांगावंच लागतं. दांड्याला आठ कडा असतात. तर्जनीचं मूळ दुसऱ्या कडेवर ठेवलं की कॉन्टिनेंटल पकड, तिसरीवर ईस्टर्न, चौथीवर सेमी-वेस्टर्न. हे चित्राने शिकवायला गेलात तर घोळ होईल. पण एकदा चेंडू आला की अवयवांची नावं बंद.

आधी ताल

कुठलीही खूण घेण्याआधी एक जुना व्यायाम आठवडाभर करा. चेंडू जमिनीला लागला की तोंडाने 'टप्पा' म्हणायचं आणि रॅकेटला लागला की 'ठक्'. मोठ्याने. लाज वाटली तरी मोठ्याने, कारण मनातल्या मनात म्हटलेला शब्द उशिरा आला तरी आपल्याला कळत नाही. पहिल्या दिवशी बाहेर बसून दुसऱ्यांच्या रॅलीवर म्हणा. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या खेळात रोज दहा मिनिटं. फटक्यात काहीही बदलायचं नाही, फक्त शब्द वेळेवर पडला पाहिजे.

घरात अहिराणी बोलणाऱ्या पोरांना 'उना... गया' (आला... गेला) जास्त जवळचं वाटतं. चेंडू टप्पा घेतो तेव्हा उना, रॅकेटवरून सुटतो तेव्हा गया. शहाद्याच्या पोराने 'बाउन्स-हिट' म्हणण्यात काही विशेष नाही. जी भाषा घाबरल्यावर तोंडात येते, त्याच भाषेत खूण टिकते.

हा व्यायाम तपासणीसाठीही भारी आहे. 'ठक्' आधीच निघून जात असेल तर खेळाडू चेंडू लागण्यापूर्वीच पलीकडे बघायला लागला आहे. 'टप्पा' उशिरा येत असेल तर टप्पा पडेपर्यंत नजर दुसरीकडेच होती, बहुतेक समोरच्या खेळाडूवर. दोन्ही शब्द बरोबर पण आवाज ताणलेला, असं असेल तर श्वास कोंडला आहे. अशा वेळी 'ठक्'ऐवजी लांब 'हंऽऽ' म्हणायला लावा. हुंकार सोडताना श्वास रोखताच येत नाही.

व्हॉलीत टप्पा नसतो, म्हणून तिथे समोरच्याचा 'ठक्' आणि आपला 'ठक्'. सर्व्हिस परतवताना तीन ठोके: ठक्, टप्पा, ठक्. पहिल्या ठोक्याला दोन्ही पाय जमिनीवर हलकेच टेकले पाहिजेत. स्प्लिट स्टेप म्हणतात ती हीच. बहुतेकांची उडी त्या ठोक्यानंतर सुरू होते. मग सर्व्ह बाजूला आली की ते हवेतच असतात.

फोरहँड: चूक चेंडूत वाचा

आता मुख्य काम. खूण निवडायची ती चेंडू कुठे चुकला यावरून. खेळाडू कसा दिसला यावरून निवडली की दर फटक्याला नवा दोष सापडतो. चेंडूच्या चुका मोजक्याच असतात: नेटमध्ये, लांब, बाजूला, किंवा रॅकेटच्या कडेला लागून भलतीकडे. वीस चेंडू मारा आणि बाहेर बसलेल्या कोणालाही चार रकाने आखून रेघा ओढायला सांगा. ज्या रकान्यात सर्वांत जास्त रेघा, त्याची एक खूण. बाकीच्या रकान्यांकडे त्या आठवड्यात बघायचं नाही.

नेटमध्ये जात असतील तर खूण 'दोन रॅकेट'. रॅकेट 27 इंच लांब असते. नेटच्या वर दोन रॅकेट उभ्या केल्या तर साडेचार फूट होतात. चेंडू तेवढ्या उंचीवरून जायला हवा. प्रत्यक्षात खेळाडू 'दोन' म्हणतो आणि चेंडू एक-दीडवरून जातो, ते चालतं. खूण थोडी अतिशयोक्तीचीच हवी, कारण शरीराला बदल वाटतो मोठा आणि होतो छोटा. सरावाला नेटच्या दोन्ही खांबांशेजारी बांबू बांधा आणि जमिनीपासून 6 फुटांवर सुतळी ताणा. नेट मध्यावर 3 फूट असतं, म्हणजे मध्ये 3 फुटांची खिडकी उरते. चेंडू सुतळीवरून जाऊन सर्व्हिस लाइनच्या पलीकडे पडला तरच धरायचा. नुसता वरून गेला आणि आखूड पडला, तर खेळाडू ढकलतो आहे, मारत नाही. या खुणेची मोडतोड अशी होते की उंची मिळवायला खेळाडू मागच्या पायावर जातो आणि रॅकेटचं तोंड आभाळाकडे उघडतो. चेंडू वर जातो, फिरकीशिवाय, आणि पुढे लांब. मग खूण बदलायची वेळ झाली.

लांब जाणाऱ्या चेंडूसाठी "हळू मार" हा सर्वांत वाईट सल्ला. रॅकेटचा वेग कमी झाला की फिरकीही कमी होते, आणि चेंडू खाली वाकायचा तोही वाकत नाही. इथे चित्र घ्या दाण्यांनी भरलेल्या कणसाचं. कणसाचं धाट सरळ वर जातं आणि शेंड्याला वजनाने मान टाकतं. टॉपस्पिनच्या चेंडूची वाट तशीच असते: नेटवरून उंच, आणि पलीकडे गेल्यावर मान टाकलेली. खूण 'कणीस'. हा शब्द रॅकेटबद्दल काहीच सांगत नाही, तरी तसा चेंडू काढायचा तर रॅकेट खालून वर आणि वेगानेच न्यावी लागते. ज्याने कणीस जवळून पाहिलं नाही त्याला 'इंद्रधनुष्य' सांगा, पण इंद्रधनुष्य दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि चेंडूची कमान पुढच्या टोकाला जास्त तीव्र हवी, हा फरक समजावून.

उजव्या हाताच्या खेळाडूचे क्रॉस कोर्ट, म्हणजे कोर्टावर तिरके मारलेले चेंडू सारखे मधेच किंवा उजवीकडे पडत असतील तर तो चेंडूला उशिरा गाठतो आहे. चेंडू पुढच्या पायाच्या साधारण हातभर पुढे गाठायला हवा. खूण 'अंगणात'. पाहुण्याला अंगणातच गाठायचं, घरात शिरू द्यायचं नाही. ही खूण पोरांना फार लवकर कळते.

पण इथे एक मेख आहे. उशीर झाल्यावर 'अंगणात' म्हणून काय उपयोग? उशिराचं कारण बहुतेक वेळा फटक्यात नसतंच, ते आधीच्या वळण्यात असतं. चेंडू नेट ओलांडण्यापूर्वी खांदे वळून झाले पाहिजेत. ते होत नसेल तर 'अंगणात' बाजूला ठेवा आणि समोरच्याच्या 'ठक्'लगेच 'फीर' म्हणा. दोन्ही एकदम नको. उशिराच्या चुकीला नेहमी आधीची खूण, हे गणित सर्व्हिस परतवतानाही लागू पडतं. तिथे चेंडू सेकंदाच्या आत अंगावर येतो आणि 'फीर' सोडून दुसऱ्या कुठल्याही शब्दाला जागा नसते.

चौथा रकाना, रॅकेटच्या कडेला लागणारे. नव्वद टक्के वेळा डोकं उचललेलं असतं, हा आमचा अंदाज. शास्त्र म्हणून घेऊ नका. फेडररचे फोटो पाहा: चेंडू निघून गेलेला असतो आणि मान अजून फटक्याच्या जागेकडे. खूण 'शिवण', म्हणजे चेंडूवरची वळणाची रेघ बघायची. खरं तर फटक्याच्या क्षणी ती रेघ दिसत नाही, कोणालाच नाही. पण बघायचा प्रयत्न केला की डोकं स्थिर राहतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

मुठीचं वेगळं. ती घट्ट असली की वरच्या चारही चुका होतात, म्हणून तिला रकाना नाही. दहापैकी गुण द्यायचे ठरवलं तर वाट बघताना मूठ 3 वर हवी; फटक्याच्या वेळी ती आपोआप आवळते. चित्र कापूस वेचणीचं: बोंडातून कापूस ओढताना बोटं दाबली तर पाचोळा सोबत येतो, सैल सोडली तर कापूस अर्धा बोंडातच राहतो. खूण 'बोंड'. ही दोन फटक्यांच्या मधे म्हणायची, फटक्याच्या वेळी नाही. फटक्याच्या वेळी सैल ठेवायला गेलात तर चेंडू जरा कडेला लागला की रॅकेट हातात फिरते.

बॅकहँड आणि व्हॉली, थोडक्यात

दोन हातांच्या बॅकहँडला वरच्याच खुणा चालतात. फक्त उजव्या हाताच्या खेळाडूने तो डाव्या हाताचा फोरहँड समजावा. उजवा हात जास्त ओढत असेल तर उजव्याची दोनच बोटं दांड्यावर ठेवून वीस चेंडू मारा, कुठलीही खूण न घेता सुधारणा दिसते. एका हाताच्या बॅकहँडला चेंडू फोरहँडपेक्षाही पुढे गाठावा लागतो, त्याला 'म्यान' हे चित्र बसतं: डाव्या हातात म्यान, उजव्याने तलवार उपसायची आणि म्यान मागेच राहू द्यायचं. डावा हात सोबत पुढे आला की छाती उघडते आणि चेंडू उजवीकडे ओढला जातो.

व्हॉलीत सगळा घोळ रॅकेट मागे नेण्याचा. खूण 'झेल'. कॉन्टिनेंटल ग्रिप, म्हणजे कुऱ्हाड धरतो तशी पकड, आणि पाठ जाळीच्या कुंपणापासून वीतभर अंतरावर ठेवून उभे राहा. कोणी तरी समोरून हाताने चेंडू टाकायचे. रॅकेट मागे गेली की कुंपणाला आपटते, वेगळं ओरडायला लागत नाही. ड्रॉप व्हॉलीला, म्हणजे चेंडू नेटलगत अलगद टाकायच्या व्हॉलीला, मात्र 'झेल' कडक पडतो. तिथे खापरावरच्या मांड्यांचं चित्र घ्यावं. पीठ हातावर झेलत, पसरवत नेणारी बाई हात ताठ ठेवत नाही, आणि मागेही ओढत नाही. वजन आलं की हात तेवढाच खाली जातो. 'मांडा' म्हटल्यावर खान्देशातल्या पोराला आणखी काही सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्याला कदाचित पुरणपोळी समजेल आणि गाडी भलतीकडे जाईल.

सर्व्हिस: खाली मारायची नाही, वर फेकायची

सर्व्हिसला चेंडू आपल्याच हातात असतो, म्हणून डोकं सर्वांत जास्त वळवळतं. आधी एक गणित बघा. पावणेसहा फुटांचा माणूस हात आणि रॅकेट पूर्ण ताणून साधारण 9 फुटांवर चेंडू गाठतो. बेसलाइनपासून नेट 39 फूट, सर्व्हिस लाइन 60 फूट. 9 फुटांवरून सरळ रेघ ओढून ती सर्व्हिस लाइनवर टेकवली तर नेटच्या मध्यावर ती 3 फूट 2 इंचांच्या आसपास असते. म्हणजे नेटच्या वर 2 इंच. गुरुत्वाकर्षण आणि फिरकी चेंडू वाकवतात म्हणून तो आत पडतो, पण खालच्या दिशेने मारायला जागाच नाही. तरी 'वरून खाली आपट' हे कोर्टावर सर्रास ऐकू येतं. ते साडेसहा फुटी माणसांसाठी ठीक.

आधी टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर सोडणं. खूण 'फळी': वरच्या फळीवर डबा ठेवतो तसा चेंडू ठेवायचा, फेकायचा नाही. चेंडू बोटांच्या टोकांत, पाण्याने भरलेला ग्लास धरल्यासारखा. हात सरळ, चेंडू कपाळाच्या उंचीवर सुटतो, आणि सुटल्यावर हात वरच राहतो. उंची किती? ताणलेल्या रॅकेटच्या टोकाच्या वीतभर वर पुरे. मनगट झटकलं की चेंडू डोक्याच्या मागे जातो, कंबर मोडते आणि सर्व्ह लांब पडते. फार पुढे गेला तर नेट. तपासायचं असं: पुढच्या पायापासून फूटभर आत जमिनीवर रॅकेट ठेवा, सर्व्हिस न मारता वीस टॉस करा आणि चेंडू खाली पडू द्या. वीसपैकी बारा-तेरा रॅकेटच्या जाळीवर किंवा तिला चिकटून पडेपर्यंत पुढे जाऊ नये. कोरड्या वाऱ्यात, एप्रिल-मेमध्ये धूळ उडत असते तेव्हा, टॉस आणखी खाली ठेवा. उंच टॉस वारा नेतो.

मग हात. खूण 'कैरी'. उंच फांदीवरच्या कैरीला दगड मारताना कोणी कोपर, मनगट, खांदा यांचा विचार करत नाही. हात सैल मागे पडतो आणि वरच्या दिशेने सुटतो. नेमकं तेच हवं. गोफणीचं चित्रही सुचतं, आणि हात सैल ठेवण्यापुरतं ते उत्तम आहे. पण ज्याने शेतात पाखरं हाकायला खरोखर गोफण फिरवली आहे तो ती डोक्याभोवती आडवी फिरवतो, आणि त्याची सर्व्हही मग आडवी येते. त्याच्यासाठी गोफण नको, कैरीच.

उजव्या हाताच्या खेळाडूने डोक्यावर घड्याळ कल्पावं: सपाट सर्व्हला टॉस एकच्या काट्यावर, स्लाइसला (आडव्या फिरकीच्या सर्व्हला) दोनच्या, किकला (उंच उसळणाऱ्या सर्व्हला) बाराच्या. नवशिक्याने तिन्ही सर्व्ह एकवरूनच कराव्यात. टॉस एकच असला की मोजायला एकच गोष्ट उरते.

दुसरी सर्व्हिस म्हणजे पहिलीचं घाबरलेलं भावंड. हात हळू केला की फिरकी जाते, चेंडू एक तर नेटमध्ये मरतो नाही तर समोरच्याला थाळीत वाढल्यासारखा मिळतो. वेग तोच ठेवायचा, दिशा बदलायची: 'शेंड्याची कैरी'. पहिलीला मधल्या फांदीवरची, दुसरीला शेंड्याची. रॅकेट जास्त वर घासते, फिरकी वाढते, चेंडू नेटवरून उंच जाऊन आत पडतो. सरावात पहिल्या सर्व्हिसपेक्षा दुसरीच जास्त करा.

खूण चालत नाही तेव्हा

काही दोष शब्दाने जाणारे नसतात. दांडा जाड किंवा बारीक असेल तर 'बोंड' हजार वेळा म्हणून मूठ सैल होणार नाही. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहाताचा फुगीर भाग यांच्या मधे दुसऱ्या हाताची तर्जनी बसली पाहिजे. घामाने दांडा निसटत असेल तर आधी टॉवेल, मग नवी ओव्हरग्रिप (दांड्यावर गुंडाळायची पट्टी), मग खूण.

चेंडू मेलेला असेल तर 'दोन रॅकेट' आणि 'कणीस' दोन्ही खोटे ठरतात. नियमाप्रमाणे 254 सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे. भिंतीवर खडूने तीन रेघा मारा आणि बास्केट तपासा. मेलेले आणि ताजे चेंडू एकत्र असले की वीसपैकी किती हा हिशेबच निरर्थक.

आणि ऊन. जळगाव-भुसावळचा मे 45 अंशांच्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ, चेंडूच्या आतला दाब वाढलेला. तोच फटका जास्त लांब जातो आणि सिमेंटवर जास्त उसळतो. डिसेंबरच्या सकाळी दहा-बारा अंशांत तोच चेंडू दगडासारखा आखूड पडतो. खेळाडू समजतो फटका बिघडला आणि चांगली चाललेली खूण मोडीत काढतो. उन्हाळ्यात खूण तीच ठेवा, निशाण बेसलाइनपासून आणखी तीन फूट आत आणा. थंडीत उलट, सुतळी फूटभर वर बांधा. मेमध्ये सकाळी साडेआठनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आत सराव करायचाच नाही, हे वेगळं सांगायला नको.

सामन्यात

दोन गुणांच्या मधे नियमाने जास्तीत जास्त 25 सेकंद मिळतात, बाजू बदलताना 90. ती 25 सेकंदं बहुतेक जण गेलेल्या गुणाचं पोस्टमॉर्टेम करण्यात घालवतात. त्यापेक्षा पहिली सात-आठ सेकंदं नेटकडे पाठ करून रॅकेटच्या दोऱ्या नीट करा. शारापोवा प्रत्येक गुणाआधी असं पाठ फिरवून उभी राहायची, ते नाटक नव्हतं. मग एक लांब श्वास बाहेर. मग चेंडू कुठे मारायचा ते ठरवा, आणि अगदी शेवटी खूण, एकदाच. क्रम उलटा केला, आधी खूण आणि मग निशाण, तर निशाणाच्या विचारात खूण विरते.

सामन्यात नवी खूण काढायची नाही. सरावात दोन आठवडे टिकलेली एकच न्यायची. ती लागू पडेना तर 'टप्पा-ठक्'वर परत यायचं, दुसरी शोधायची नाही. कुठला चेंडू सारखा चुकतो आहे, हा विचार फक्त बाजू बदलताना, खुर्चीवर बसून. डबल्सच्या जोडीदाराने आपल्याला खुणा देऊ नयेत, हा अलिखित नियम करून टाका. त्यावरून घरापर्यंत अबोले गेलेले आहेत.

कुंपणाबाहेर उभ्या पप्पांसाठीही एक काम आहे. "गुडघे वाकव" असं ओरडण्याऐवजी सराव संपल्यावर विचारा, "शेवटचा चेंडू नेटवरून किती रॅकेट वर गेला?" पोरगं पहिल्या दिवशी म्हणेल, माहीत नाही. चौथ्या दिवशी म्हणेल, दीड. ज्या दिवशी ते विचारण्याआधीच सांगेल, त्या दिवसापासून तुमचं ओरडणं आपसूक थांबतं.

शब्द शिळा होतो

खूण कायमची नसते. तीन-चार आठवड्यांनी 'कणीस' म्हटलं तरी डोळ्यांसमोर कणीस येत नाही, नुसता आवाज उरतो. तपासायला साठ चेंडू घ्या: पहिले वीस शब्दाशिवाय, मधले वीस शब्दासह, शेवटचे वीस पुन्हा शब्दाशिवाय. निशाण म्हणजे बेसलाइनच्या आत 6 फूट बाय 6 फुटांचा खडूचा चौकोन. मधल्या विसांत जास्त चेंडू पडले तर खूण जिवंत आहे. तिन्ही आकडे सारखे आणि चांगले असतील तर फटका आता स्वतःहून होतो, खूण सोडा. मधला आकडा कमी असेल तर दुसऱ्या दिवशी ताज्या अंगाने पुन्हा मोजा, एका दिवसावरून निकाल नको. दोन्ही दिवशी कमी आला तर ती खूण आता अडथळा झाली आहे.

एका वहीत तारीख, तापमान, चूक कुठल्या रकान्यात, खूण आणि तिन्ही आकडे एवढंच लिहा. सोडलेल्या खुणा खोडू नका. वर्षभराने तीच चूक परत येते, साधारण फेब्रुवारीत ऊन वाढायला लागलं की, आणि तेव्हा जुना शब्द पुन्हा ताजा वाटतो.